लिंबाला ऑफसाईड नसतो

“लिंबू कोण आहे? अरे, आज लिंबू कोण आहे?”

कुट्टी गोलातून ओरडत होता, नंद्या. त्याचा आवाज तुला ठाऊक आहे. तो आपल्या बोरिवलीच्या मैदानावर ओरडला की दहिसरच्या चेकनाक्यावर ट्रकवाले ब्रेक मारतात. पण काल त्याला कुणी उत्तर देईना. एकवीस माणसं, वयांची बेरीज केली तर सरळ यादवांच्या काळात जाऊन पोचू, आणि सगळीच्या सगळी आपापल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत उभी. तू गेल्यानंतरचे दोन रविवार कुणी मैदानावर फिरकलं नव्हतं. तेरावं झालं, तेव्हा काल साडेसहाला सगळे आले. बॉल आला, जाळ्या आल्या, चुन्याच्या रेषा मारून झाल्या. पाण्याच्या टाकीकडच्या बिल्डिंगांतले टाकीवाले एका बाजूला, गेटकडच्या बिल्डिंगांतले आम्ही गेटवाले दुसऱ्या बाजूला. आणि मग कुट्टीच्या लक्षात आलं की टाकीवाल्यांच्या लिंबाच्या दंडावर जी पिवळी पट्टी असायची, ती पट्टी आणि तो दंड, दोन्ही आलेले नाहीत.

“लिंबू नाही तर नाही,” जिग्नेशभाई म्हणाला. आमचा कप्तान, त्यामुळे पहिला तोच बोलणार. “नंदूभाई होता तोपर्यंत ठीक होतं यार. त्याचं मन राखायला खेळत होतो. आता सरळ पुस्तकातल्या नियमांनी खेळू. जगात कुठे असतो का असा ऑफसाईड माफ असलेला लिंबू?”

“मन राखायला?” कुट्टी म्हणाला. “तू राखत असशील. मला मजा येत होती.”

“गोलकीला कसली मजा? सहा-सहा गोल खातोस.”

“तेच ना. आधी दीड तास उभा राहून मच्छर मारायचो.”

जिग्नेशला सोसायटीच्या सभांची सवय. त्याने लगेच हात वर करायला लावले. लिंबू राहावा म्हणणारे दहा. लिंबू जावा म्हणणारे दहा. मग वीस जणांचे चाळीस डोळे, त्यातले चार मोतीबिंदूचे, माझ्याकडे वळले.

“बबन, तुझं काय?” जिग्नेश विचारताना हसत होता. माझं मत त्याने आधीच आपल्या बाजूला धरलं होतं. धरणारच. गेली तीन वर्षं तुझ्या लिंबाविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोंबलणारा माणूस मीच.

“पाणी पिऊन येतो,” मी म्हटलं.

आपला नळ मैदानाच्या त्या टोकाला, जंगलाच्या भिंतीला लागून. जाऊन यायला तीन मिनिटं लागतात. मी पंधरा लावली. तू वहीत लिहिलेला शेवटचा नियम राहायचा की जायचा, हे माझ्या एका हातावर आलं होतं, आणि त्या हाताने मी नळ सोडून उभा होतो. तिथे तुझ्याशी जे बोललो ते लिहून काढतोय. थोडं वाढवून लिहीन. तुला सवय आहे.

सुरुवात शून्य-शून्यने झाली, आठवतं? ओळीने कितीतरी रविवार गोलच नाही. आपली माणसं घाबरट. एक गोल बसेल या भीतीने अकराच्या अकरा स्वतःच्या गोलासमोर उभी राहायची, लग्नाच्या फोटोत नातेवाईक उभे राहतात तशी. मध्ये एवढं मोठं मैदान रिकामं पडलेलं, त्यात साळुंक्या चरायच्या. तू ऑफिसात बत्तीस वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फायली सरकवल्यास, बहुतेक त्यामुळेच न सरकणारा बॉल तुला बघवायचा नाही. “शून्य-शून्य म्हणजे काय रे बब्या?” तू म्हणालास. “सकाळपासून रेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की दुकान बंद.”

दुसऱ्या दिवशी तू दोनशे पानी वही आणलीस. वर नाव घातलंस, ‘खेळ उघडा करणे’. जणू खेळाचं झाकण घट्ट बसलंय आणि तू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघालायस.

पहिला नियम, दर दहा मिनिटांत गोल झाला नाही तर दोन्हीकडचा एकेक माणूस बाहेर. माणसं कमी झाली की जागा वाढेल, जागा वाढली की गोल होईल, असं तुझं गणित. पहिल्याच रविवारी काय झालं? गोल काही होईना, माणसं मात्र बाहेर जात राहिली. शेवटी मैदानावर दोन गोलकी उरले, बॉल मधोमध, आणि दोघांपैकी कुणीही आपला गोल सोडून यायला तयार नाही. दोघं एकमेकांना लांबून हात करत होते. आठ वाजता क्रिकेटवाले स्टम्प घेऊन आले, त्यांनी बॉल उचलून बाजूला ठेवला आणि आपली बॅटिंग सुरू केली. हे मी गेली पाच वर्षं असंच सांगतो. प्रत्यक्षात पाच-पाच जण उरले होते आणि स्कोर एक-एक होता. तुझ्यापुरतं आज खरं सांगून टाकलं.

दुसरा नियम त्याहून गाजला. बॉल अर्ध्या मैदानाच्या पुढे नेला की पुन्हा मागे आणायचा नाही. तुझ्या घरी चहा पिता पिता तू टीपॉयवर बिस्किटं मांडून समजावत होतास. “एकदा बॉल सासरी गेला की माहेरी यायचा नाही.”

आतून वहिनी म्हणाल्या, “का नाही यायचा? बॉलने काय घोडं मारलंय?”

“अगं, खेळ पुढे सरकायला नको का?”

“पुढे सरकायलाच जरा मागे यावं लागतं माणसाला. दम खायला.”

तू वहीत लिहिलेलं खोडलंस, पेनाचं टोक चावलंस आणि सुधारणा केलीस, की बॉल मागे येऊ शकतो, पण एकदाच. “दिवाळीला,” वहिनी आतूनच म्हणाल्या. तेव्हापासून एकदा मागे पास दिला की आपण ‘दिवाळी झाली’ म्हणायला लागलो. केरळचा कुट्टी भर मे महिन्यात गोलातून “दिवाळी हो गया, दिवाळी हो गया” ओरडायचा, आणि सकाळी फिरायला येणारे आजोबा आजींचा हात धरून रस्ता बदलायचे.

बिबट्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. एका रविवारी पुन्हा शून्य-शून्य चाललं होतं, उजाडत होतं, आणि मी सगळ्यांना सांगितलं की मघाशी कॉर्नरच्या झेंड्याजवळ जंगलातून बिबट्या येऊन बसला होता. पाच-सात मिनिटं त्याने मॅच बघितली, जांभई दिली आणि हाफटाइमच्या आधीच उठून गेला. मी आपला गमतीने बोललो. दुपारपर्यंत त्या बिबट्याला दोन पिल्लं झाली. संध्याकाळी सेक्रेटरीने लिफ्टजवळ नोटीस लावली. आयांनी मुलांना खाली सोडणं बंद केलं, आणि वहिनींनी तीन आठवडे त्यांचं सकाळचं चालणं गॅलरीतल्या गॅलरीत उरकलं. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, “खरंच जांभई दिली?”

“देवाशपथ,” मी म्हणालो.

तू मान डोलावलीस आणि परदेशातल्या त्या मोठ्या फुटबॉल ऑफिसला जे इंग्रजी पत्र पाठवलंस, त्यात चौथा मुद्दा घातलास, की आमच्याकडे एक बिबट्यादेखील गोलशून्य सामना पाहून अर्ध्यातून उठून गेला, प्रत्यक्षदर्शी श्री. बबन, राहणार बोरिवली पूर्व. उत्तर आलं नाही. मी तुला म्हणायचो की तिकडे अजून तपास चालू असेल.

तुझ्या बढतीचंही तसंच. तू मला जिन्यात हळूच सांगितलंस की हेडक्लार्क झालो, कुणाला बोलू नको, ऑर्डर हातात यायचीय. मी फक्त चौघांना सांगितलं, आणि थोडं सजवून. संध्याकाळी तुझ्या दारात तीन कुटुंबं पेढे घेऊन उभी होती, नव्या मॅनेजरसाहेबांचं अभिनंदन करायला. तू दार उघडलंस ते बनियनवर, हातात पोछा. त्यानंतर तू मला आणखी काय काय सांगितलं नाहीस याचा मी कधी विचार केला नव्हता.

पण तुझा खरा शत्रू ऑफसाईड. पास येताना समोरच्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे उभं असलं की गोल बाद. टीव्हीवर परदेशी मॅच लागली की तू सोफ्याच्या टोकावर. गोल होतो, माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, आणि मग चार मिनिटं सगळं थांबवून पडद्यावर रेषा मारून सांगतात की त्या पोराची बगल दोन बोटं पुढे होती. “पेढे वाटून झाल्यावर साखरपुडा मोडल्यासारखं आहे हे,” तू म्हणायचास. “माणसाची बगल ऑफसाईड? अरे, बगलेने कुणी गोल मारतं का?” वहीत तू तीन पानं फक्त बगलेवर लिहिलीस. अंगाचा कुठलाही एक भाग डिफेंडरच्या रेषेत असला की माणूस खेळात, एवढीच तुझी मागणी.

मी ऑफसाईडच्या बाजूचा. मी म्हणायचो, ऑफसाईड ही शिस्त आहे, ती काढलीस तर सगळे गोलासमोर पंगतीला बसल्यासारखे बसतील. खेळ उघडा करायचाय तर माणसांनी नीट खेळावं, नियम कशाला बदलायचे? तू चिडलास की मालवणीवर यायचास. “गप रव मेल्या. माणसा काय बदलणत नाय. म्हणान नियम बदलूचे.” हे भांडण आपण टीव्हीसमोर केलं, भाजीच्या रांगेत केलं, तुझ्या मुलीच्या लग्नात हातात अक्षता घेऊन केलं. ते अजून संपलेलं नाही. माझे दोन मुद्दे शिल्लक होते.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी मी मैदानावर परत आलो, तर तू सगळ्यांना गोळा करून उभा. हातात दोन पिवळ्या पट्ट्या.

“हे काय?”

“एक तुझी, एक माझी. तू गेटवाल्यांचा लिंबू, मी टाकीवाल्यांचा. लिंबाला ऑफसाईड नाही, आणि मागे धावत यायचं नाही. पुढेच उभं राहायचं.”

“कच्चा लिंबू?”

“कच्चा नाय रे. नुसता लिंबू.”

“नुसता लिंबू सरबतवाल्याकडे असतो,” मी म्हणालो. “तू मला सगळ्यांसमोर कच्चा लिंबू करतोयस.”

तो शब्द दुसऱ्या कुणी वापरला असता तर मी हसलो असतो. पण तू. दहिसरच्या चाळीत डबा ऐसपैस खेळताना कच्चा लिंबू कोण होता? मी. तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणून खेळात घेतलेला पण मोजायचा नाही असा. मला कुणी शोधलं तरी राज्य माझ्यावर येत नसे. मी पाण्याच्या पिंपामागे दीड-दीड तास लपून बसायचो आणि तुम्ही खेळ संपवून घरी जेवायला गेलेले असायचात. आणि एक दिवस तूच चाळीच्या मधोमध उभा राहून जाहीर केलंस, “आजपासून बब्या पक्का.” लगेच माझ्यावर राज्य आलं आणि ते चार दिवस उतरलं नाही, आई जेवणाचं ताट अंगणात आणून द्यायची. पण त्या चार दिवसांइतका खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हतो. ज्याने मला पक्का केलं, तोच पन्नाशीनंतर पुन्हा कच्चा करत होता. तू स्वतःसाठीही पट्टी आणलीस ती मला वाईट वाटू नये म्हणून, याबद्दल माझी खात्री होती. तुझी दया अशी कागदात गुंडाळून आलेली असायची.

मी पट्टी चिखलात फेकली आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, “तुला धावायला होत नाही का रे, म्हणून मला उभं करतोयस?”

बगलेवरून चाळीस मिनिटं भांडणारा माणूस, गप्प. खाली वाकून पट्टी उचललीस, झटकलीस, खिशात घातलीस. मला वाटलं, मी जिंकलो.

तीन आठवडे आपण बोललो नाही. मग तुझा फोन आला. “बॉलमधली हवा गेलीय. पंप तुझ्याकडे आहे.” पंप तुझ्याकडेही होता, मीच दिलेला. मी माझा घेऊन आलो. तू बॉल धरलास, मी हवा भरली, झालं.

गेटवाल्यांकडे मग लिंबू पाळीपाळीने झाला, दंडाला रुमाल बांधून, कारण दुसरी पट्टी हरवली असं तू सगळ्यांना सांगितलंस. टाकीवाल्यांचा लिंबू मात्र कायम तू. आणि तुझ्यावर नजर ठेवायचं काम मी मागून घेतलं. मीच ह्याला गोल मारू देणार नाही, असं छाती ठोकून सांगितलं. म्हणजे झालं काय, की तीन वर्षं तू आमच्या गोलासमोर उभा आणि मी तुझ्या शेजारी उभा. धावत दोघंही नव्हतो. पट्टी फक्त तुझ्या दंडावर होती. बॉल त्या टोकाला असायचा तेव्हा आपण काय काय बोललो असू. पेन्शनचे फॉर्म, तुझ्या जावयाचं घोरणं, कुठल्या बाजारात मांदेली ताजी मिळतात, आणि ऑफसाईड. मी म्हणायचो, “काय लिंबू, पिळला का तुला आज?” तू म्हणायचास, “बॉल इलो, बघ.” आणि मी बघेपर्यंत तू गोल मारलेला असायचास.

शेवटच्या रविवारीही तेच. लांबून उंच पास आला, तू छातीवर घेतलास, माझ्याकडे पाठ केलीस आणि डाव्या पायाने वरच्या कोपऱ्यात. आमचा गोलकी हललाही नाही. मी सवयीने ओरडलो, “ऑफसाईड.” तू कमरेवर हात ठेवून, धाप लागलेला, म्हणालास, “लिंबाला ऑफसाईड नसतो.” मी म्हणालो, “नशीब आहे तुझं.”

नशीब नव्हतं. झकास गोल होता. तुझ्या उजव्या पायाचे गोल मी मोजत नाही, पण हा डाव्या पायाचा होता. सोमवारी फोन करून सांगावं असं मनात आलंही, पण म्हटलं, हा लगेच वहीत लिहून ठेवेल, पुढच्या रविवारी सांगू. शुक्रवारी तू गेलास.

एवढं सगळं नळावर झालं. मग नळ बंद केला आणि परत गेलो.

“राहू दे,” मी म्हणालो.

“काय राहू दे?” जिग्नेश म्हणाला.

“लिंबू राहू दे. आणि टाकीवाल्यांत एक कमी आहे. मी तिकडून खेळतो. लिंबू मी.”

जिग्नेशने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “तब्येत बरी आहे ना? तीन वर्षं डोकं खाल्लंस यार आमचं, हा नियम वाईट, हा नियम वाईट म्हणून.”

“त्याच्याशी भांडत होतो,” मी म्हणालो. “तुझ्याशी नव्हतो.”

कुट्टीने गोलातलं पिवळं फडकं आणलं, ज्याने तो बॉल पुसतो ते, आणि माझ्या दंडाला बांधलं. त्याला असा वास होता की मला मार्क करायला कुणी जवळ येणार नाही, असं मला वाटलं. पण जिग्नेशने माझ्यावर दोन माणसं लावली. एक पुरला असता. मी जाऊन तुझ्या जागेवर उभा राहिलो, गोलापासून पंधरा पावलं, थोडा डावीकडे, जिथे गवत गेलेलं आहे. ते गवत तू घालवलंस. माझ्याही पायांनी गेलं असेल, पण मी एक हात बाजूला उभा असायचो.

आणि मग मला ते दिसलं, नंद्या. तीन वर्षं त्याच जागेवर उभा राहून दिसलं नव्हतं, कारण मी तुझ्याकडे बघत होतो. मी तिथे नुसता उभा आहे म्हणून त्यांची दोन माणसं माझ्यापाशी अडकली. ती दोघं पुढे जाईनात, म्हणून त्यांची आख्खी फळी मागे राहिली. आमचे पुढे सरकले, आणि मधलं मैदान, जिथे साळुंक्या चरायच्या, ते मोकळं झालं. त्या मोकळ्या जागेत आपले गुडघेदुखीवाले, बीपीवाले, पोट सुटलेले लोक बॉल घेऊन पळत होते, एकमेकांना पास देत होते, हाका मारत होते. लिंबाने काहीच करायचं नसतं. लिंबू एका टोकाला उभा राहतो आणि बाकीच्यांना जागा होते. तुझ्या वहीत हे लिहिलेलं असणार. मी ती वही नीट वाचली नाही, मी फक्त तिच्याशी भांडलो.

पाच-चार झालं. टाकीवाले जिंकले. माझा गोल नाही. एकदा बॉल माझ्या पायाशी आला होता, समोर आख्खा गोल रिकामा, आत ट्रक रिव्हर्स घेता आला असता, आणि मी तो भिंतीवरून जंगलात मारला. दोघंही डिफेंडर मला धीर द्यायला आले.

एक कबूल करायचं राहिलंय. बॉल आणायला मी भिंतीपाशी गेलो, तर कॉर्नरच्या झेंड्याजवळ गेटवरच्या वॉचमनचा कुत्रा बसलेला. पिवळट, अंगावर मळाचे ठिपके, आता बराच म्हातारा झालाय. बिबट्या नव्हता रे. त्या दिवशीही तोच होता. जांभई मात्र खरी होती. काल तो शिट्टी होईपर्यंत बसला, एवढं तुझ्या पत्राला जोडून पाठवता आलं असतं.

मॅच संपल्यावर जिग्नेशने हुकूम काढला की पुढच्या रविवारी हे फडकं चालणार नाही, नीट पट्टी पाहिजे. म्हणून मी बूट हातात घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. पट्टी पाहिजे म्हटल्यावर काही न विचारता आत गेल्या आणि कपाटातून दोन आणल्या. एक तुझी, तीन वर्षांच्या उन्हाने आणि घामाने पांढुरकी पडलेली. दुसरी नवी कोरी, हळदीसारखी पिवळी, इस्त्री केलेली.

“ही हरवली होती ना?” मी विचारलं.

“हरवली कुठे? चिखल धुऊन मीच ठेवली. तुम्ही मागाल तेव्हा द्यायची म्हणून सांगून ठेवलं होतं ह्यांनी. माझ्या जुन्या साडीची आहे, दोन्ही एकाच काठातल्या.”

मी नवी हातात धरून बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं.

“आज तुम्ही बांधलीत म्हणे,” त्या म्हणाल्या. “कुट्टींचा आवाज इथपर्यंत येतो. बरं केलंत. ह्यांना एकट्याने बांधायला लाज वाटायची.”

“लाज कसली? माझ्या गुडघ्यासाठी काढला होता त्याने तो नियम.”

“तुमचा गुडघा निमित्ताला होता, भावोजी. ह्यांना धावायला मनाई केली होती डॉक्टरांनी. उभं राहून खेळा म्हणाले, नाहीतर बंद करा. तुम्ही दोघं लिंबू झालात तर कुणी विचारणार नाही, असं ह्यांचं चाललं होतं. तुमचं ऑपरेशन झालं त्याच्या आधीच्या महिन्यातली गोष्ट.”

“तुला धावायला होत नाही का रे,” असं मी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं. बरोबर विचारलं होतं. आयुष्यात एकदाच मी न वाढवता काही बोललो, आणि ते नेमकं हे.

ग्लास खाली ठेवला. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तुझी खुर्ची गॅलरीत तशीच होती, वर टॉवेल वाळत घातलेला.

“पन्नासेक वर्षांची ओळख आमची,” मी म्हणालो. “सगळं बोलायचो आम्ही. मला का नाही सांगितलं त्याने?”

वहिनींनी बादलीतला शेवटचा शर्ट झटकला, दोरीवर घातला आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.

“तुम्हाला सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर दुपारपर्यंत त्यात बिबट्या आला असता.”